पिवळं कबरस्तान

बुधवारी दुपारी शाळेतून येताना मी कबरस्तानात एका कबरीवर टेकले, आणि उठले तेव्हा माझा राखाडी स्कर्ट मागून पिवळा झाला होता. कबरीवर बसू नये हे मला माहीत आहे. पण नदीच्या रस्त्याने आमच्या गल्लीत यायचं तर कबरस्तानातून सात मिनिटं वाचतात, आणि चाफ्याखालची ती कबर बुटकी, काळ्या दगडाची, नाव नसलेली. शिवाय ती ओळखीतली. शेजारच्या रेजोआजोबांची. मी लहान असताना त्यांच्या मांडीवर बसलेली होते, तेव्हा आता दगडावर बसले तर ते रागावणार नाहीत असा माझा हिशोब. आणि मी तिथे नुसती बसत नसे, भाषण म्हणायचे. मेलेली माणसं फार छान ऐकतात, मध्येच खोकत नाहीत, घड्याळाकडे बघत नाहीत. गेल्या नोव्हेंबरात ‘विकासाची पहाट’ या विषयावर बोलून मी अख्ख्या सोलो शहरातून पहिली आले होते, आणि तेव्हापासून मला माझ्याकडे आवाज आहे याचा शोध लागला होता. त्याआधीची सोळा वर्षं मी चौथ्या बाकावर बसून हजेरीलासुद्धा ओठातल्या ओठात ‘हजर’ म्हणणारी मुलगी होते. आता सतरा पूर्ण झाली होती, ओळखपत्र मिळालं होतं, आणि मी तोंड उघडलं की मोठी माणसं चहाचा कप हातात धरून थांबायची. ही चव एकदा लागली की सुटत नाही. पुढच्या गुरुवारी वरचे साहेब आमचा वॉर्ड तपासायला येणार होते आणि त्यांच्यापुढे बोलायला मला निवडलं होतं. मी दुसऱ्या परिच्छेदापर्यंत आले, हात वर केला, आणि हाताला रंग दिसला. मग मी आजूबाजूला पाहिलं. सगळं कबरस्तान पिवळं होतं. भिंत, फाटक, पाण्याची टाकी, कबरी, कबरींच्या डोक्याचे दगड, चाफ्याचं खोड कमरेपर्यंत. सकाळी जाताना हे नव्हतं.

शहर पिवळं होतंय हे मला काही नवीन नव्हतं. कुंपणं झाली होती, फुलांच्या कुंड्या झाल्या होत्या, पहारेकऱ्याची टपरी, मोरीचे कठडे, आमच्या शाळेतला बास्केटबॉलचा खांब. मे महिन्यात निवडणूक होती आणि पिवळा हा सरकारी पक्षाचा रंग. अर्थात त्याला पक्ष म्हणायचं नाही, तो पक्ष नाहीच असं आम्हाला नागरिकशास्त्रात शिकवतात आणि परीक्षेत त्याला दोन गुण असतात. मला या रंगाचं काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मला तो आवडत होता, कारण गल्लीच्या तोंडावर जो पिवळा फलक टांगला होता त्यावर माझं वाक्य होतं. ‘रंग म्हणजे उजेड, उजेड म्हणजे विकास.’ माझ्या भाषणातलं. वॉर्ड कार्यालयातल्या दिमाननी ते उचललं आणि खाली माझं नावही घातलं नाही, पण मला काय, मी रोज त्याच्याखालून मान उंच करून जायचे. आता कबरीजवळ उभी राहून मी स्कर्ट पुढे ओढून बघत होते आणि मग त्या दगडाकडे. वाटली ती लाज नव्हती, भीतीही नव्हती. झोपलेल्या माणसाच्या तोंडाला कुणी काजळ फासून गेलं तर बघणाऱ्याला जसं होईल तसं. झोपलेला उठून विचारूही शकत नाही.

आई त्या महिन्यात क्लातेनला मावशीच्या बाळंतपणाला गेली होती, म्हणून मी तशीच बुधेकडे गेले. वडिलांच्या थोरल्या बहिणीला आम्ही बुधे म्हणतो, चुलत असली तरी. बुधे सुगियेम, रेजोआजोबांची मुलगी, घरात सांगत तशी बाबांची लांबची चुलतबहीण, आमच्या मागच्या घरात राहणारी, सकाळी गल्लीच्या तोंडाशी नारळाच्या दुधातला भात विकणारी, आणि अकरानंतर जगाशी काही संबंध नसल्यासारखी विडी ओढत बसणारी. तिने मला पाहिलं आणि विडी विझवली. “उलटी फीर,” ती म्हणाली. मी फिरले. “वा. आता तुलाच मतं मागायला उभी करतील.” मग तिने घासलेटची बाटली काढली, चिंधी भिजवली आणि मला भिंतीला हात टेकून उभं करून मागून घासायला लागली. “बसली होतीस कुठे?” “रेजोआजोबांच्या कबरीवर. सगळं रंगवलंय, बुधे. सगळ्यांना.” चिंधी थांबली. मग बुधे हसायला लागली, आधी नाकातून, मग छातीतून, आणि हसता हसता म्हणाली, “म्हाताऱ्याची खोड गेली नाही. तुझ्या बापालाही असाच रंग लावून गेला, त्याचा जन्मभर निघाला नाही.”

मी म्हटलं, बाबांना? रेजोआजोबांनी? का? घासलेटचा वास माझ्या डोक्यात चढत होता. बुधेने चिंधी पिळली, पुन्हा भिजवली, एक डाग पूर्ण संपवला, आणि मग विचारलं, “ओळखपत्र आलं ना तुझं?” आलं. “त्यावर काही शिक्का नाही ना? दोन अक्षरं, कोपऱ्यात?” नाही. “मग बाप जिंकला,” बुधे म्हणाली. “ऐक आता. आणि हलू नकोस, नाहीतर स्कर्ट फाटेल.”

मी भिंतीला हात लावून उभी होते आणि माझ्या पाठीमागे माझा आजोबा बदलत होता. ज्यांना मी आजोबा म्हणत आले ते शिक्षक आत्मो, ज्यांचा फोटो आमच्या बैठकीत आहे, ते बाबांचे काका निघाले. आणि शेजारचे रेजोआजोबा, ज्यांना मी आजोबा म्हणायचे कारण गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला आजोबाच म्हणतात, ते खरोखरचे आजोबा निघाले. कासान रेजो. भिंती रंगवणारे. “माणसाच्या उंचीची अक्षरं काढायचा,” बुधे म्हणाली, “लाल. शेतकऱ्यांच्या मोर्च्याच्या आदल्या दिवशी आमच्या अंगणात डबेच डबे. सगळी गावं त्याच्या हातची.” पासष्ट साली ऑक्टोबरात सैनिकांचा ट्रक आला आणि त्यांना घेऊन गेला. चौदा वर्षं कैदेत गेली, त्यातली शेवटची दहा कैद्यांच्या बेटावर. बाबा तेव्हा आठ वर्षांचे. काकांना मूल नव्हतं, नोकरी सरकारी होती, त्यांनी बाबांना आपल्या नावावर लिहून घेतलं. “एका दिवसात तुझ्या बापाला नवी चड्डी मिळाली आणि नवा बाप,” बुधे म्हणाली. “मी तेरा वर्षांची. मला कोण घेणार? मुलगी, वर तोंडाळ. मी त्याचीच राहिले.” मी विचारलं, ते काय लिहायचे भिंतीवर? मला वाटलं होतं ती काहीतरी भव्य सांगेल. “असंच. जो पेरतो, भात त्याचा. जो दळतो, पीठ त्याचं. तुझ्यासारखंच की, दोन तुकडे आणि मध्ये श्वास. त्याच्या भिंती काय देववाणी होत्या होय? भात कुणाला मिळाला नाही. भिंती मात्र पोलिसांना बरोबर सापडल्या.”

दोन तुकडे आणि मध्ये श्वास. रंग म्हणजे उजेड, उजेड म्हणजे विकास. पहिला तुकडा खाली ठेवायचा, दुसरा वर चढवायचा. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि बाईंनी ‘उपजत आहे’ म्हटलं तेव्हा मी किती फुगले होते. त्या रात्री मी आठवायला लागले आणि सगळं आठवत गेलं, नुसतं वेगळ्या बाजूने. आजोबा बुधेच्या अंगणात बर्फाच्या गाड्यांवर अक्षरं काढायचे, कारण त्यांना दुसरं काही करायची परवानगी नव्हती. मी आरडाओरडा करायला लागले की म्हणायचे, “हळू, पोरी, रंग ओला आहे,” जसा काही आवाजाने रंग ओघळतो. गल्लीत कुठलीही मोटार थांबली की ते उठून सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावायचे आणि उभे राहायचे. मला तो खेळ वाटायचा, मीही फ्रॉकची बटणं लावून त्यांच्या शेजारी उभी राहायचे. मोटार गेली की आम्ही दोघं बटणं काढायचो. आणि बाबा. संध्याकाळी तंबाखूची पुडी घेऊन अंगणाच्या कडेला उभे राहणारे बाबा. आत यायचे नाहीत. “पाक रेजो, बरं आहे ना?” विचारायचे. पाक म्हणजे श्रीयुत, कुणाही परक्या पुरुषाला म्हणतात ते. “बरं आहे, पाक गुरू,” आजोबा म्हणायचे. एवढंच. मी नऊ वर्षांची असताना ते वारले तेव्हा बाबा शेजाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले, पुढून चौथे. मला आठवतं, कारण मी मोजत होते.

गल्लीतल्या म्हाताऱ्यांना हे ठाऊक असणार. पण ठाऊक असणं आणि कागदावर असणं यांच्यामध्ये आमच्याकडे अख्खं आयुष्य मावतं. ज्यांच्या घरात लाल म्हणून पकडलेला माणूस होता त्यांच्या ओळखपत्रावर शिक्का असतो, त्यांना शिक्षक होता येत नाही, पोलीस नाही, सैनिक नाही, कारकूनही नाही. घर स्वच्छ असल्याचा दाखला लागतो. बाबांनी तो दिला होता. आणि बाबा शिकवतात काय, तर नागरिकशास्त्र. त्यात एक पान आहे, बेचाळिसावं, त्या लोकांनी देशाशी कसा दगा केला त्याचं. मी त्यांच्याच शाळेत होते आठवीपर्यंत, त्या पानाला बाबांना दर वर्षी खोकला यायचा आणि ते एखाद्या मुलाला उठवून वाचायला लावायचे. एका वर्षी मला उठवलं होतं. मी ओठातल्या ओठात वाचलं. त्या दिवशी मला तो आवाज नव्हता हे फार बरं झालं, असं आता वाटतं, आणि मग वाटतं, पण नंतर तर आला, आणि आल्यावर मी त्याचं काय केलं?

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी शाळा सुटल्यावर चुना घेतला, बादली घेतली, आणि जाऊन ती कबर पांढरी करून टाकली. भर दुपारी. मला वाटलं मी काहीतरी फार मोठं केलंय. येताना रस्ताभर मी मनातल्या मनात बोलत होते, श्रोते होते, टाळ्या होत्या. रात्री पाऊस झाला आणि शाळा सुटल्यावर जाऊन बघते तर चुना सगळा ओघळून खाली, आणि वर तोच पिवळा, जास्तच चकचकीत, जशी काही मी त्याला आंघोळ घातली होती. बुधे माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. “तेलाच्या रंगावर चुना बसतो होय, शहाणे? रंगाऱ्याची नात आणि एवढं कळत नाही.” मी रडायच्या बेतात होते. बुधेने पदरातून दोन कौलांचे तुकडे काढले आणि घासलेटची बाटली. “आणि पांढरा कशाला? त्याला कुणी पांढरा केला होता आजवर? दगड काळा आहे. काळा होऊ दे.” शुक्रवार, शाळा अकराला सुटलेली. आम्ही दोघी एक वाजेपर्यंत घासत होतो. रंग आधी चिकट होतो, मग त्याच्या सुरळ्या होतात, मग त्या सुरळ्यांखालून दगडाचे बारीक डोळे दिसायला लागतात, ज्वालामुखीचा दगड तो, सगळा भोकाभोकांचा, आणि प्रत्येक भोकात पिवळा कण अडकून बसलेला. ते केसातल्या चापाने काढायचे. मी एवढं हळू आणि एवढं गप्प राहून आयुष्यात काही केलं नव्हतं. भाषणात एक वाक्य बोललं की ते होऊन जातं. इथे एका वितीला अर्धा तास. आणि संपलं तेव्हा आम्ही मागे सरकून पाहिलं, तर पिवळ्याधमक कबरस्तानात एकच काळा दगड, दुरूनसुद्धा दिसणारा. बुधे विडी शोधायला लागली. “अरे देवा,” ती हळूच म्हणाली, “आपण तर त्याच्यावर बोट ठेवलं.”

बाबांना मी शनिवारी संध्याकाळी सांगितलं, म्हणजे त्यांनीच विचारलं. ते वह्या तपासत होते. “कुणी घासला?” मी. आणि बुधेने. “कुणी पाहिलं?” सगळ्यांनी, दिवसा घासला. त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं. मला वाटलं ओरडतील. बाबा ओरडत नाहीत, ते आवाज इतका खाली नेतात की तुम्हाला पुढे वाकावं लागतं. “वेनिंग, उडी तू मारलीस. पाय माझे मोडणार.” मी म्हटलं, पण त्यांना रंग लावला, बाबा. सगळं आयुष्य ज्यांच्यामुळे गेलं, त्यांचाच रंग. “मी पाहिला. मी रोज त्याच रस्त्याने जातो.” मग तुम्ही काय केलं? हे मी विचारायला नको होतं. “मी सायकलवरून उतरलो नाही,” बाबा म्हणाले. माझा आवाज मग वर चढायला लागला, मला कळत होतं, भाषणात चढतो तसा, आणि मला तो थांबवता येईना. मी म्हटलं, तुम्ही त्यांना पाक रेजो म्हणायचात, मी ऐकलंय, तुमच्या स्वतःच्या वडिलांना. बाबांनी वही मिटली. “ते सुटून आले तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, नुकताच लागलो होतो. मी म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं मी. पण ते आधी म्हणाले, बसा ना, पाक गुरू. आणि हसले. मला वाटलं त्यांना अभिमान वाटतोय.” त्यांनी पुढची वही ओढली. मी झोपायला गेले आणि पडल्या पडल्या मला पहिल्यांदाच नीट कळलं की माझं धाडस कुठून येतंय. बाबांच्या खोकल्यातून. त्यांनी इतकी वर्षं आवाज गिळला म्हणून माझ्या ओळखपत्राचा कोपरा कोरा आहे, आणि तो कोरा आहे म्हणून मी माइकसमोर मान उंच करून उभी राहू शकते. हे कळल्यावर माझा राग कमी व्हायला हवा होता. तो झाला नाही. फक्त तो कुणावर धरायचा ते बदललं.

रविवारी कबरी साफ करायचा दिवस होता. रोज्यांच्या महिन्याआधी आम्ही सगळे कबरस्तानात जातो, झाडू, विळे, गुलाबपाकळ्या, तांदळाचे अपेम घेऊन, गवत काढायचं, दगड धुवायचे, प्रार्थना म्हणायची आणि तिथेच खायचं. कुणीही कुणाच्या कबरीला हात लावत नाही, ज्याची त्याने साफ करायची. त्या दिवशी सगळे आले आणि उभेच राहिले, कारण ताजा रंग दिलेली कबर साफ कशी करायची? धुतली तर काय धुतली? बायका झाडू हातात धरून एकमेकींकडे बघत होत्या, आणि मग सगळ्या चाफ्याखाली बघत होत्या, जिथे बुधे आपल्या काळ्या दगडावर आरामात पाणी ओतत होती. पाक दिमान वही घेऊन आले तेव्हा कोपऱ्यातल्या दोन घरांनी नखांनी रंग खरवडायला सुरुवात केली होती. दिमानच्या स्वतःच्याच नखांत पिवळा रंग होता. वाईट माणूस नाही तो, रोज सकाळी बुधेचा भात खातो. “बुधे, हे काय हो केलंत,” तो रडवेल्या आवाजात म्हणाला, “गुरुवारी तपासणी आहे. मला काय हौस आहे का? वरून आलंय.” “वरून पाऊसही येतो, दिमान,” बुधे म्हणाली. “तेव्हा छत्री घेतोस ना?” दोघीतिघी हसल्या. दिमानही हसला असता, पण त्याच्या मागे वरच्या कार्यालयाचा एक तरुण माणूस उभा होता, इस्त्रीच्या पँटचा, आणि तो हसत नव्हता. त्याने काळ्या दगडाकडे पाहिलं. “ही कबर कुणाची?” “माझ्या बापाची,” बुधे म्हणाली, “लिहा, माझ्या कार्डावर शिक्का आहेच, अजून एक मारा.” “तुमचं माहीत आहे. पण शुक्रवारी तुमच्याबरोबर एक शाळेची मुलगी होती.” मग दिमानने माझ्याकडे पाहिलं आणि जणू मला वाचवायलाच घाईघाईने म्हणाला, “ही आमची वेनिंग, साहेब, शहरात पहिली आलेली, गुरुवारी हीच बोलणार आहे. समाजसेवा केली असेल. म्हाताऱ्या बाईला मदत. हो ना गं? तुझं काही नातंबितं नाही ना?”

सगळं तयार होतं. दिमानने उत्तर माझ्या तोंडाशी आणून ठेवलं होतं, नुसतं गिळायचं होतं. समाजसेवा. मी त्यावर तीन मिनिटं न थांबता बोलू शकले असते, आणि साहेबांच्या कपाळावरची आठी दुसऱ्या मिनिटाला गेली असती, मला ते कसं करायचं माहीत आहे. आणि दुसरं उत्तरही होतं, खरं, तेही माझ्या तोंडात होतं, जड, गरम, आणि ते बोलायची मला इतकी हाव सुटली होती की दात दुखत होते. सगळं कबरस्तान गप्प होतं. एवढे श्रोते मला पुन्हा मिळाले नसते. मी तोंड उघडलं. आणि फाटकाशी मला बाबा दिसले, सायकल धरून उभे. ते या दिवशी कधी येत नाहीत. सतरा वर्षांत कधी आले नाहीत. आणि मला कळलं की ही दोन्ही उत्तरं माझी नाहीत. पहिलं बोलले तर आजोबा पुन्हा एकदा पुसले जाणार, घासलेटने. दुसरं बोलले तर बाबांचा फळा, खडू, बेचाळिसावं पान, सगळं मी त्यांच्या हातून हिसकावून घेणार, आणि टाळ्या मला. जे त्यांनी बत्तीस वर्षं तोंडात धरलं होतं ते मी आपलं म्हणून कसं थुंकू? म्हणून मी तोंड मिटलं. साहेबांच्या डोळ्यांत बघत मिटलं. “मुली, तुला विचारतोय,” साहेब म्हणाले. मी बघत राहिले. “बोलता येतं ना?” येतं, हे सगळ्या शहराला माहीत आहे. मी बघत राहिले. पूर्वी चौथ्या बाकावर मी गप्प असायचे ते घाबरून. हे गप्प बसणं उभं राहून करायचं होतं, आणि त्याला भाषणापेक्षा जास्त दम लागतो.

सायकल स्टँडला लावल्याचा आवाज झाला. बाबा कबरींच्या मधून आले, कुणाच्या कबरीला पाय लागू नये म्हणून खाली बघत, सावकाश. चाफ्याखाली आल्यावर त्यांनी चपला काढल्या. “ती माझी मुलगी,” ते साहेबांना म्हणाले, “आणि हे माझे वडील.” हात पुढे करून, जशी ओळख करून देतात तशी. त्यांचा आवाज खाली होता, नेहमीसारखाच, आणि साहेबांना पुढे वाकावं लागलं. बुधेच्या हातातला तांब्या पालथा झाला. दिमान अक्षरशः कळवळला. “पाक गुरू, ऊन फार आहे. तुम्हाला म्हणायचंय वडिलांसारखे. मी नीट ऐकलं नाही. मी काही ऐकलं नाही.” “मग उद्या कार्यालयात पुन्हा सांगतो,” बाबा म्हणाले. “सातला येऊ का? आठला माझा वर्ग आहे.” आणि खाली बसून त्यांनी दगडाच्या मागच्या बाजूचं गवत उपटायला सुरुवात केली, तिथे आमचा हात पोचला नव्हता. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांना गवत नीट उपटता येत नव्हतं, मुळं आत राहत होती, बुधे त्यांच्या हातावर चापट मारून म्हणाली, “बाजूला हो, तर्मू, शाळामास्तर कुठला.” चुलतबहीण अशी चापट मारत नाही.

माझं भाषण त्याच संध्याकाळी काढून घेतलं. अकरावीतल्या एका मुलीला दिलं. मला वाईट वाटलं, खोटं का बोलू, रात्री उशीत तोंड घालून मी एकदा ते सगळं म्हटलं आणि मग संपलं. सोमवारी बाबा म्हणाले तू शाळेत जा. मी गेले नाही. ते सायकल चालवत होते आणि मी मागे बसले होते आणि त्यांची पाठ घामाने भिजली होती, सकाळच्या गारव्यात. मी विचारलं, आठच्या वर्गाला जाऊ देतील? ते म्हणाले, आजच्या जाऊ देतील. उद्याचं माहीत नाही. मी म्हटलं, मी घरी मुलांना शिकवेन, बुधेबरोबर भात विकेन, मला भात विकता येईल, मी ओरडून विकेन. ते हसले बहुतेक, पाठ हलली. कार्यालयात बाकावर दाखल्यांसाठी सहा-सात माणसं बसली होती, दार उघडंच होतं, आणि दिमानने ते लोटून घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा बाबा खुर्ची दाराच्या वाटेत सरकवून तिथेच बसले. टाइपरायटर जुना होता, दिमान दोन बोटांनी चालवत होता. “वडिलांचं नाव?” “कासान रेजो.” बोटं थांबली. “तुमच्या नोकरीच्या कागदावर दुसरं आहे, पाक गुरू.” “तो कागद चुकीचा आहे,” बाबा म्हणाले. “तोही दुरुस्त करायला आलोय.” त्यांना खोकला आला नाही. मी वाट बघत होते, आला नाही. बाकावरची एक म्हातारी पुढे वाकली होती, मग बाबांनी आवाज चढवला. मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. त्यांनी नाव पुन्हा सांगितलं, एकेक अक्षर, फळ्यावर सांगतात तसं, आणि प्रत्येक अक्षराला यंत्र ठक् करत होतं, आणि म्हातारीचे ओठ हलत होते. “विचार करा, पाक गुरू,” दिमान हळूच म्हणाला. “अजून कागद ओढून फाडता येईल. एकदा बाहेर निघाला की तीन प्रती जातात, एक इथे, एक शाळाखात्यात, एक पोलिसात. मग ते खोडणं कुणाच्याच हातात राहत नाही.”

“चार काढा,” बाबा म्हणाले. “एक हिला लागेल.”

दिमानने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्याने कागद सोडवला, मागे अजून एक कार्बन लावला, कडा जुळवल्या, आणि पहिल्यापासून पुन्हा टंकायला घेतलं.